टेबलावर चालणारा एलईडी बोर्ड गेटवर लावला की का बिघडतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते आधी सांगतो म्हणजे काही चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करा. क्लबने चार लाल पी१० पॅनल (एलईडीचे तयार फलक) एका ओळीत लावलेत, ईएसपी८२६६ या वायफायवाल्या छोट्या चिपवर कोड आहे, मोबाइलवरून वेबपेजवर मेसेज टाकला की तो बोर्डवर फिरतो. होस्टेलच्या खोलीत, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आठवडाभर मस्त चाललं. गेटवर लावल्यावर मात्र स्वागताचं अ‍ॅनिमेशन आलं की रिसेट होतं, कॉलेजच्या वायफायला कनेक्ट झालं असं दाखवतं पण मेसेज येत नाही, एकदा तर बोर्डवर कुणाला काही कळेना असा लांबलचक इंग्रजी मजकूर फिरला, मराठी टाकलं की कचरा दिसतो, आणि लाइट जाऊन आली की कधीकधी बोर्ड सुरूच होत नाही. गॅदरिंगला ३ आठवडे आहेत आणि तुमचा प्रश्न आहे, ईएसपी काढून रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) लावला तर सगळं सुटेल का.

नाही सुटणार. पायचे जास्तीचे पैसे जातील आणि बहुतेक त्रास तसेच राहतील, कारण तुमचा प्रॉब्लेम एक नाहीये, पाच वेगवेगळे प्रॉब्लेम एकाच डब्यात भरलेत आणि बाहेरून ते सगळे "बोर्ड नीट चालत नाही" असेच दिसतात. मी भोसरीत गेली १४ वर्षं असे बोर्ड बनवतोय, कंपन्यांना प्रॉडक्शनचे, दवाखान्यांना टोकनचे, देवळांना आरतीच्या वेळांचे, आणि अधूनमधून कॉलेजची मुलं आपापला बोर्ड घेऊन वर्कशॉपला येतात त्यांच्याबरोबर बसतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेला बोर्ड बघितला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. बघितल्याशिवाय मी शंभर टक्के सांगू शकत नाही, पॅनल कुठल्या बनावटीचं, वायर किती जाडीची, नेटवर्क कोण सांभाळतं यावर बरंच आहे, पण लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अंदाज बांधता येतो.

आधी करंट. एका पी१० वर ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२ एलईडी. सगळे लावले आणि ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर एक लाल पॅनल बनावटीप्रमाणे साधारण २ ते ४ अँपिअर खातं. चार पॅनलचे झाले ८ ते १६. तुमचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणारा सप्लाय, ५ व्होल्ट १० अँपिअरचा आहे. आता अक्षरं फिरत असतात तेव्हा पाचातला एखादाच एलईडी पेटलेला असतो, म्हणजे दोनेक अँपिअरमध्ये काम भागतं, म्हणून खोलीत सगळं छान वाटलं. स्वागताच्या अ‍ॅनिमेशनमध्ये तुम्ही पूर्ण बोर्ड लाल करता, तिथे एकदम भार येतो. आणि खरा घोळ वायरचा आहे. तुम्ही लिहिलंय की एसएमपीएस वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय आणि तिथून ३ मीटर साधी वायर ओढलीय. ती अर्ध्या स्क्वेअरची (अर्धा चौरस मिलिमीटर) धरली तर जाण्यायेण्याची मिळून ६ मीटर तांब्याची वायर, तिचा रेझिस्टन्स साधारण ०.२ ओहम. २ अँपिअरला ०.४ व्होल्ट पडतात, चालून जातं. ८ अँपिअरला कागदावर दीड व्होल्टच्या वर पडतात. म्हणजे बोर्डाला ५ च्या जागी साडेतीनच्या आसपास मिळणार, त्यातून ईएसपीच्या मॉड्यूलवरचा रेग्युलेटर ३.३ काढणार कुठून, त्यात वायफाय पाठवताना ती चिप क्षणभर तीनशे मिलिअँपिअरच्या वर ओढते. रिसेट होणारच. खोलीत वायर फूटभर होती एवढाच फरक.

उपाय सोपा आहे, एसएमपीएस बोर्डाच्या डब्यातच बसवा आणि डब्यापर्यंत २३० व्होल्ट न्या. २३० व्होल्टला तेवढ्याच कामासाठी अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट जातो, वायरीत काही पडत नाही. पण ते काम कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, मुलांनी करायचं नाही, लोखंडी डब्याला अर्थिंग पाहिजेच आणि लाइनवर ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा, गेट म्हणजे पावसात ओला हात लागणारी जागा. एसएमपीएस २० अँपिअरचा घ्या. बंद डब्यात उन्हाळ्यात एसएमपीएसची ताकद कमी होते, म्हणून लागेल तेवढाच घेऊ नका. आतून प्रत्येक पॅनलला ५ व्होल्टची वेगळी जोडी द्या, एका पॅनलमधून दुसऱ्यात साखळी करू नका. ईएसपीलाही सरळ एसएमपीएसपासून वेगळी जोडी, आणि तिच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एवढं केलं की अ‍ॅनिमेशनवेळचे रिसेट थांबतील असं मी जवळजवळ खात्रीने सांगतो. आणि खरं सांगायचं तर पूर्ण ब्राइटनेस लागतच नाही, संध्याकाळी तर पूर्ण ब्राइटनेसचा लाल बोर्ड डोळ्याला टोचतो. दिवसा थोडा वर, सूर्यास्तानंतर बराच खाली, कोडमध्ये दोन आकडे ठेवा.

लाइट आल्यावर बोर्ड उठत नाही त्याचं कारण वेगळं. ईएसपी८२६६ साठी पी१० ची जी पिनजोडणी सगळीकडे फिरते तिच्यात लॅच (आलेला डेटा आता दाखव असं पॅनलला सांगणारा सिग्नल) डी३ पिनवर असतो, म्हणजे चिपच्या जीपीआयओ शून्यवर. चिप सुरू होताना ही पिन लो (शून्य व्होल्टजवळ) दिसली की ती तुमचा प्रोग्रॅम चालवायच्या ऐवजी नवा प्रोग्रॅम घ्यायची वाट बघत बसते. पॅनल आणि चिप एकदम चालू झाले की पॅनलचं सर्किट ती पिन कधी खाली ओढतं कधी नाही, म्हणून तुम्हाला "कधीकधी" दिसतं. त्या पिनला ३.३ व्होल्टकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावून बघा, नाहीतर लॅच दुसऱ्या पिनवर हलवा.

इथेच तिसरी गोष्ट सांगून टाकतो. पॅनल ५ व्होल्टचं, ईएसपी ३.३ ची. पॅनलच्या तोंडाशी ७४एचसी२४५ (सिग्नल आत घेणारी चिप) असतं, त्याला ५ व्होल्टवर "हाय" समजायला कागदोपत्री साडेतीन लागतात. ३.३ देऊन बऱ्याचदा चालतं, आणि हे बऱ्याचदा चालणंच जास्त छळतं, कारण मग एखाद्या थंड सकाळी किंवा लांब रिबनवर एकच ओळ थरथरते आणि तुम्ही कोड तपासत बसता. मध्ये एक ७४एचसीटी२४५ टाका, "टी" असलेलंच, त्याला २ व्होल्ट पुरतात. काही रुपयांची चिप आहे. एफआरसी केबल (पॅनलची चपटी रिबन) एक फुटाच्या आत ठेवा.

मग ईएसपी८२६६ बदलायचा की नाही? बदला, पण पाय नको, ईएसपी३२ घ्या. कारण सांगतो. पी१० ला आठवण नसते, म्हणजे एका वेळी पाव भागच पेटतो आणि चिपला सतत पुढचा पाव भाग ढकलत राहावं लागतं. ८२६६ मध्ये एकच कोअर (काम करणारा मेंदू), त्याच्यावर वायफाय पण आणि बोर्ड रंगवणं पण, एचटीटीपीएसची (सर्व्हरशी कुलूपबंद बोलण्याची) सुरुवातीची देवाणघेवाण चालू असताना बोर्ड लुकलुकतो किंवा एखादी ओळ भगभगून थांबते. ईएसपी३२ ला दोन कोअर आहेत, एकावर वायफाय आणि दुसऱ्यावर फक्त डिस्प्ले बांधून टाका. पाय ताकदवान आहे, पण तो पूर्ण लिनक्स कॉम्प्युटर आहे, लाइट अचानक गेली की एसडी कार्ड खराब व्हायची भीती, आणि आपल्याकडे लाइट अचानकच जाते. ज्या बोर्डाकडे रोज बघायला माणूस नाही तिथे मी पाय लावत नाही. व्हिडिओ दाखवायचा असता तर वेगळं बोललो असतो.

आता वायफाय. कॉलेजच्या वायफायला तुमचा बोर्ड कनेक्ट होतो, आयपी मिळतो, कोड म्हणतो झालं. पण मोबाइलवर जसं आधी लॉगिनचं पान उघडतं, आयडी पासवर्ड टाकावा लागतो, तसं ते बोर्डालाही येतंय, आणि बोर्ड ते भरू शकत नाही. तुम्ही तुमच्या सर्व्हरला साध्या एचटीटीपीने मेसेज मागता, फायरवॉल (कॉलेजच्या नेटवरचा पहारेकरी) मध्येच त्याला लॉगिनचं पान देतं, तुमचा कोड आलेलं सगळं मेसेज समजून बोर्डवर फिरवतो. तो कळेना असा इंग्रजी मजकूर म्हणजे बहुतेक त्या लॉगिनच्या पानाचा एचटीएमएल होता. त्यामुळे पहिला नियम, आलेलं काहीही दाखवायचं नाही. उत्तराचा कोड २०० आहे का, मेसेजच्या सुरुवातीला आपली ठरलेली खूण आहे का, लांबी मर्यादेत आहे का, हे जुळलं तरच दाखवायचं.

लॉगिनचं पान कोडने भरायची युक्ती नेटवर सापडेल, ती करू नका. कुणाच्या तरी आयडीवर बोर्ड चालणार, तो मुलगा पास होऊन गेला किंवा पासवर्ड बदलला की बोर्ड बंद, आणि काही झालं तर नाव त्याचं. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना लेखी अर्ज द्या. त्यात बोर्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (त्याच्या वायफायचा ओळख क्रमांक), जागा, बोर्ड कुठल्या एकाच पत्त्याशी आणि कुठल्या पोर्टवर बोलणार, आणि जबाबदार शिक्षक कोण हे लिहा. "आम्हाला वायफाय द्या" म्हटलं की नकार येतो, "हे एक उपकरण, या एका पत्त्यावर, फक्त बाहेर जाणारं कनेक्शन" म्हटलं की त्यांना एक ओळ टाकायची असते, बहुतेक सर टाकून देतात. नाहीच जमलं तर सिमकार्डचा छोटा ४जी राउटर, पण सिम क्लबच्या शिक्षकांच्या किंवा कॉलेजच्या नावावर.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, परवानगीशिवाय आपला राउटर कॉलेजच्या लॅन पॉइंटला लावू नका. मी एका कॉलेजात बघितलंय, मुलांनी रात्री राउटर जोडला, केबल लॅनच्या भोकात घातली, आणि सकाळी त्या मजल्यावरच्या लॅबमधले कॉम्प्युटर त्या राउटरकडून आयपी घ्यायला लागले. दोन प्रॅक्टिकल बुडाली. बोर्ड कायमचा उतरला आणि तो क्लब पुढे वर्षभर कुठल्याच परवानगीला पात्र राहिला नाही. बोर्ड चांगला होता, मुलं मेहनती होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

वायफायबद्दल अजून एक. डबा लोखंडी आणि ईएसपी आत असेल तर सिग्नल आत येणारच नाही. बाहेरच्या अँटेनाचं सॉकेट असलेलं ईएसपी३२ मिळतं ते घ्या, अँटेना डब्याच्या खालच्या बाजूला काढा. सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली जात असेल तर कोडला दोष देऊ नका. आणि लक्षात ठेवा, हे मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतं, कॉलेजचं नेटवर्क ५ वरच असेल तर त्याला दिसणारच नाही.

मराठीवर मात्र मला सावकाश लिहायचंय, कारण इथे बरेच क्लब हार मानून "वेलकम टू गॅदरिंग" रोमनमध्ये लिहून मोकळे होतात आणि मला ते फार लागतं. कचरा का दिसतो? यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीच्या एका अक्षरखुणेला ३ बाइट लागतात. तुमची लायब्ररी एक बाइट म्हणजे एक अक्षर समजते, म्हणून एका "क" च्या जागी तीन भलतीच चिन्हं. बरं, बाइट नीट जोडून घेतले आणि मराठी फॉन्ट बसवला तरी संपत नाही. "वि" मध्ये वेलांटी व च्या नंतर साठवलेली असते आणि काढायची असते आधी. जोडाक्षरं जुळवायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन बसवायचा, "खऱ्या" मधला अर्धा र वेगळा. हे सगळं करणारा प्रोग्रॅम ईएसपीवर लिहायला जाऊ नका, मी दोन महिने घालवून बघितलेत, शेवटी काहीतरी राहतंच.

त्यापेक्षा बोर्डाला भाषा शिकवूच नका, त्याला चित्र पाठवा. तुमच्या बोर्डाची रुंदी १२८, उंची १६, म्हणजे एक पूर्ण स्क्रीन २०४८ ठिपके, फक्त २५६ बाइट. हजार ठिपके लांबीचा मेसेज घेतला तरी २००० बाइट. काहीच नाही. आणि चित्र कोण बनवणार, तर ज्या मोबाइलवरून मेसेज टाकताय तो ब्राउझरच. मेसेजच्या पेजवर एक कॅनव्हास (पेजवरची चित्र काढायची पाटी) ठेवा, त्यावर मजकूर लिहा, ब्राउझरला देवनागरी उत्तम येतं, मग त्या कॅनव्हासचा प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला एवढं काढा आणि ते बाइट पाठवा. याचा दुसरा फायदा म्हणजे टाकणाऱ्याला बोर्डवर कसं दिसेल ते तिथेच मोठं करून दाखवता येतं, जे दिसतं तेच जातं. पेजला भाषा मराठी लावा आणि तो फॉन्ट मराठी वळण देणारा असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात, काहींना चालतं, मला नाही चालत. फॉन्ट पेजबरोबरच द्या, मोबाइलच्या फॉन्टवर सोडू नका, नाहीतर प्रत्येक फोनवरून वेगळं रूप जाईल. मी मुक्ताचं ठसठशीत वजन वापरतो, मुंबईच्या एक टाइपने केलेला मोफत फॉन्ट आहे, नोटो सॅन्स देवनागरी पण चांगला.

पण १६ ओळींत देवनागरी कोंबणं अवघड आहे हे मान्य करा. वर मात्रा, रफार, अनुस्वाराला चारेक ओळी, शिरोरेषेला एक, अक्षराच्या पोटाला आठ, खाली उकाराला तीन, संपलं. बारीक फॉन्ट घेतला तर कडेचे अर्धवट ठिपके गळून अक्षर तुटतं, जाड घेतला तर "ष" आणि "प" सारखे दिसतात. तपासायला माझा एक शब्द ठरलेला आहे, "विद्यार्थ्यांनी". वेलांटी, द्य, रफार, काना, अनुस्वार, पुन्हा दीर्घ वेलांटी, सगळं एकाच शब्दात. त्याच्या जोडीला "कर्तृत्व", "कुऱ्हाड", "श्रीकृष्ण" आणि "ऑफिस" टाका. हे रस्त्यापलीकडून वाचता आले तर फॉन्ट पास. नाही आले तर चार पॅनल दोनावर दोन रचा, ६४ बाय ३२. रुंदी अर्धी होते पण अक्षराला श्वास घ्यायला जागा मिळते, मी देवनागरीसाठी दहातल्या आठ वेळा हेच करतो. मग वेग कमी करा. १२८ रुंदीवर सेकंदाला ४० ठिपके सरकवले तर अक्षर ३ सेकंद दिसतं, ६४ वर तोच वेग ठेवला तर दीडच सेकंद, म्हातारी माणसं वाचू शकत नाहीत. २५ च्या आसपास ठेवा. आमंत्रित पाहुण्यांची नावं तर फिरवूच नका, थांबवून दाखवा.

हे सगळं तांत्रिक झालं, आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नव्हती आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, नेट गेल्यावर बोर्ड काय दाखवणार?

काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजला बोर्ड दिला. जुलैत पाऊस इतका झाला की संध्याकाळी सुट्टी जाहीर झाली, ऑफिसातून मेसेज टाकला, "उद्या कॉलेजला सुट्टी". रात्री नेट गेलं ते दोन दिवस आलं नाही. बोर्ड माझा पक्का होता, शेवटचा मेसेज साठवून ठेवायचा, लाइट गेली आली तरी तोच दाखवायचा. मला त्याचा अभिमान होता. तर सुट्टीच्या दिवशीही बोर्डवर "उद्या सुट्टी", म्हणजे जवळपासच्या मुलांना वाटलं दुसऱ्या दिवशी पण सुट्टी. तिसऱ्या दिवशी कॉलेज भरलं, एका वर्गाची प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि सहा मुलं आली नाहीत. त्यांची परीक्षा पुन्हा घेतली कॉलेजने, पण ती चूक माझ्या बोर्डाची होती म्हणजे माझी होती. बंद बोर्डाकडे कुणी विश्वासाने बघत नाही, चालू बोर्डावर लोक विश्वास ठेवतात. जुना मेसेज खरा म्हणून दाखवणारा बोर्ड बंद बोर्डापेक्षा वाईट.

तेव्हापासून माझ्या कुठल्याही बोर्डात मुदतीशिवाय मेसेज जात नाही. पेजवर "कधीपर्यंत दाखवायचा" हे भरल्याशिवाय पाठवायचं बटण चालूच होत नाही. मेसेजबरोबर ती वेळ बोर्डाकडे जाते, वेळ संपली की नेट असो नसो बोर्ड स्वतःहून तो पुसतो आणि घड्याळ आणि तारीख दाखवतो. आणि मजकुरात "आज", "उद्या" टाइप केलं की पेज हटकतं, वार आणि तारीख लिहा म्हणून. यासाठी बोर्डाला खरी वेळ माहीत पाहिजे, म्हणून डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल बसवा, नाण्यासारख्या सेलवर चालतं आणि वर्षाकाठी मिनिटभराच्या आसपासच चुकतं. नेट आलं की एनटीपीवरून (नेटवरून अचूक वेळ देणारी सोय) वेळ जुळवून घ्यायची, भारताची वेळ म्हणजे यूटीसीत १९८०० सेकंद मिळवायचे.

हे घड्याळ अजून एका ठिकाणी कामाला येतं. एचटीटीपीएसमध्ये सर्टिफिकेट (सर्व्हर खरा असल्याचा डिजिटल दाखला) तपासताना चिपला आजची तारीख माहीत लागते, आणि बऱ्याच कॉलेजांच्या फायरवॉलमध्ये एनटीपी बंद असतं, म्हणजे वेळ नाही म्हणून कनेक्शन नाही असं अडकतं. स्वतःचं घड्याळ असेल तर अडकत नाही. सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (त्या एकाच सर्टिफिकेटची खूण) कोडमध्ये चिकटवून ठेवलेला असेल तर काढा. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं ९० दिवसांची मुदत धरून आली, ती बदलली की बोर्ड मुका होतो. रूट सर्टिफिकेट (बाकीची ज्याच्या भरवशावर चालतात ते मूळ) ठेवा, पण तेही अमर नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे जुनं रूट संपलं आणि त्यावर विसंबलेली कितीतरी छोटी उपकरणं त्या दिवशी सर्व्हरशी बोलायची थांबली. म्हणून रूट बदलता येईल असं फाइलमध्ये ठेवा.

मेसेज पोचवायला एमक्यूटीटी (मधला सर्व्हर नवा मेसेज आला की लगेच बोर्डाकडे ढकलतो ती पद्धत) वापरायचं की सर्व्हरला दर अर्ध्या मिनिटाने विचारायचं, हा वाद मुलं माझ्याकडे तासभर घालतात. तुमच्या कामाला दोन्ही चालेल. फायरवॉल कडक असेल तर ४४३ पोर्टवर अर्ध्या मिनिटाने विचारणंच निमूट चालतं, गेटवरच्या बोर्डाला तेवढा उशीर खपतो. एमक्यूटीटी घेतलंत तर जाहीर टेस्ट ब्रोकरवर (सगळ्यांना खुल्या मधल्या सर्व्हरवर) बोर्ड कधीच सोडू नका, तिथे टॉपिकचं (मेसेजच्या कप्प्याचं) नाव ज्याला दिसेल तो काहीही लिहू शकतो, आणि ते गेटवर मुलींच्या, पालकांच्या, पाहुण्यांच्या समोर फिरणार आहे. हॅशटॅगवरून थेट सोशल मीडियाचे मेसेज ओढायचा विचार असेल तर तोही सोडा. एकतर दुसऱ्याच्या एपीआयवर (त्यांच्या साइटवरून प्रोग्रॅमने माहिती घ्यायच्या वाटेवर) बोर्ड उभा राहतो, ट्विटरने २०२३ मध्ये जुनं मोफत एपीआय बंद केलं तेव्हा असे कितीतरी विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट अडकले, आणि दुसरं म्हणजे न वाचलेलं काही बोर्डवर जाता कामा नये. एक मुलगा मेसेज टाकेल, दुसरी व्यक्ती बघून मंजूर करेल, आणि कुणी काय किती वाजता मंजूर केलं ते साठवलेलं असेल. वॉचमनच्या केबिनमध्ये बोर्डाचा स्विच ठेवा आणि त्या काकांना सांगून ठेवा की काही वावगं दिसलं तर विचारत बसू नका, बंद करा.

३ आठवड्यांचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात फक्त वीज, वायर आणि सरांकडे अर्ज, कारण अर्जाला वेळ लागतो आणि तो तुमच्या हातात नाही. दुसऱ्यात ईएसपी३२, चित्राने मराठी आणि मुदत. तिसऱ्यात नवीन काही करायचं नाही, बोर्ड गेटवर रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि दिवसातून दोनदा मुद्दाम लाइट बंद करायची, राउटर बंद करायचा, आणि वहीत लिहायचं काय झालं. गॅदरिंगच्या आदल्या रात्री कुणीतरी एक छान इफेक्ट घालू म्हणेल, घालू देऊ नका.

आणि पुढच्या बॅचसाठी आत्ताच एवढं करा. सर्व्हर, डोमेन, कोड हे सगळं क्लबच्या ईमेलवर काढा, कुणा एकाच्या नाही. पिनजोडणीचं चित्र छापून, प्लास्टिकमध्ये घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले निम्मे कॉलेजचे बोर्ड धडधाकट होते, फक्त ते बनवणारी मुलं नोकरीला लागली होती आणि कुणाला पासवर्ड माहीत नव्हता. पावसाळ्याआधी डब्याची सगळी भोकं खालच्या बाजूला आहेत का बघा, वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत न जाता झोळातूनच खाली पडेल.

आज संध्याकाळी एक काम करा. काही न बदलता, सगळे एलईडी पेटवा आणि मीटरने शेवटच्या पॅनलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग तेच एसएमपीएसच्या टर्मिनलवर. दोन्ही आकडे आणि डब्याच्या आतला एक फोटो इथे टाका. ४.५ च्या खाली असेल तर वर लिहिलेलं वायरीचं सगळं तसंच करा. ४.८ च्या वर निघालं तर माझा रिसेटबद्दलचा अंदाज चुकलाय, मग कोडमधला डिस्प्लेचा इंटरप्ट (बाकी काम क्षणभर थांबवून बोर्ड रंगवणारा भाग) कसा लिहिलाय ते बघावं लागेल, तो भागही सोबत टाकून ठेवा.